एकतीस कुलपं

रंजीता राठोडच्या कागदावर खाडाखोड नसे. नागपूरला नगररचनेच्या शेवटच्या वर्षाला तिच्याबरोबर असलेली पोरं घरं मोजताना चुकत, मग कपाळाला आठ्या घालून पुन्हा उन्हात जात. रंजीतावर ती वेळ यायची नाही. शिस्तीची मुलगी होती ती, आणि त्या शिस्तीचा तिला थोडा गर्वही होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे जे झालं ते शिस्त मोडल्यामुळे नाही, शिस्त पाळूनच झालं.

शेवटच्या वर्षी सहा महिने प्रत्यक्ष काम करावं लागतं. वाशीम शहराच्या नव्या विकास आराखड्यासाठी घरोघर पाहणी करायचं काम एका खाजगी संस्थेकडे होतं. तिथे रंजीता आणि तिच्या वर्गातला प्रज्वल अशी दोघं रुजू झाली. आज कोणती जागा कशासाठी वापरली जाते ते आधी कागदावर आणायचं. राहत्या घरांना पिवळा रंग, दुकानांना निळा, शाळा-दवाखान्यांना लाल, आणि जिथे काहीच चालत नाही तिथे राखाडी. मग त्या नकाशावरून पुढच्या वीस वर्षांचं शहर आखायचं, रस्ता कुठून जाईल, बाजार कुठे बसेल, बाग कुठे होईल. रंजीताला या कामाचं वेड होतं. जुन्या गावातली बोळ अशी वाकडी का, तर कधीकाळी तिथून बायका पाण्याला जात, असली एखादी गोष्ट सापडली की ती दिवसभर खुशीत असे.

ती मूळची याच जिल्ह्यातली, मेडशीजवळच्या तांड्यावरची. बाप उदयसिंग आणि याडी, म्हणजे आई, दिवाळी झाली की ऊसतोडीला जात आणि होळीला परत येत. लहानपणी रंजीता त्यांच्याबरोबर फडात असे, पुढे आश्रमशाळा, पुढे नागपूर. याडी चार वर्षांपूर्वी वारली. यातलं वर्गात कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच तर ती ‘वाशीमकडची’ एवढं सांगून विषय बदलायची. लाज वाटते असं ती स्वतःशीही कबूल करत नसे, पण लाजच होती ती, दुसरं काय.

डिसेंबरात तिच्या वाट्याला रेल्वेलाईनच्या पलीकडची, खदानीजवळची वस्ती आली. विटा-पत्र्याची चौतीस घरं, दोन रांगांत. वीसेक वर्षांपूर्वी आजूबाजूच्या तांड्यांवरून आलेली माणसं तिथे वसली होती. त्यातल्या एकतीस घरांना कुलूप होतं. नियम असा की घर बंद दिसलं तर तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन पाहायचं, आणि तिन्ही वेळा कुलूपच असेल तर ‘बंद, वापरात नाही’ असं नोंदवायचं. प्रज्वल अशा वेळी एकदाच जायचा आणि तीन तारखा टाकायचा. रंजीता तीनदा गेली. सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी.

तिसऱ्या खेपेला तिच्या एक गोष्ट लक्षात आली. कुलूप लावलेल्या घरांचे उंबरठे सारवलेले होते. शेण ओलं नव्हतं, पण ताजं होतं, त्यावर बोटांच्या रेघा उठून दिसत होत्या. एखाद-दुसऱ्या घराचं नाही, सगळ्याच घरांचं तसं. ती थबकली. हातातल्या फॉर्मवर तीन चौकोन होते, राहतं, बंद, पडकं. सारवलेल्या उंबरठ्यासाठी चौकोन नव्हता. तेवढ्यात शेळ्या हाकत एक म्हातारी आली. डोळ्यांवर हात धरून तिने या पोरीला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “कोनाची व तू?”

“ऑफिसची,” रंजीता म्हणाली. अगदी पुस्तकी मराठीत. म्हातारी पुढे काही विचारेल म्हणून ती थांबलीच नाही. एकतीस वेळा ‘बंद’वर खूण केली, ऑटो पकडला आणि दुपारच्या आत ऑफिसात परतली.

चौतिसांतली एकतीस घरं बंद, म्हणून नकाशात तो अख्खा तुकडा राखाडी झाला. आणि मग शहर आखायची वेळ आली तेव्हा रंजीतानेच बोट ठेवून सांगितलं की लाईनच्या या अंगाला एकही बाग नाही, लेकरं खेळतात कुठे तर रुळांच्या कडेला. पाहणीचं काम सांभाळणारे जगदेव सर खूश झाले. राखाडीवर हिरवा रंग चढला. तिने आपल्या प्रबंधात त्या बागेवर एक अख्खं प्रकरण लिहिलं, झाडं कोणती लावावीत, बाकडी कुठे असावीत इथपर्यंत. हेतू वाईट नव्हता. लेकरांसाठीच चालली होती सगळी धडपड.

जानेवारीत आराखडा जाहीर झाला. लोकांनी येऊन पाहावा आणि काही म्हणणं असेल तर तीस दिवसांत हरकत लिहून द्यावी म्हणून एका सभागृहाच्या भिंतीवर भलामोठा नकाशा लावला. मुदत संपायला सहा दिवस उरले असताना मेडशीच्या बसने उदयसिंग आला. धुतलेला सदरा, खांद्यावर रुमाल, हातात पोरीसाठी तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो फडावर जात नसे. पोरगी शहर बनवते म्हणतात, ते एकदा डोळ्यांनी पाहावं एवढीच त्याची इच्छा होती. घरात बाप-लेक गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलत, पण चारचौघांत उदयसिंग वऱ्हाडीच बोले.

“यातलं तुयं कोनतं व?” त्याने विचारलं.

रंजीताने हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं. “ही बाग, बा. मी सांगितलं म्हणून घेतली त्यांनी.”

“चांगलं केलं. पोट्ट्यायले खेळाले होईन.” तो नकाशाजवळ वाकला. त्याला वाचता येत नव्हतं, पण रेल्वेची काळी रेघ त्याला बरोबर कळली. “लाईनपल्याड हाये हे. खदानीपाशी. आंदी काय होतं तिथं?”

“काहीच नाही. बंद घरं आहेत, कोणी राहत नाही.”

“तू पाह्यलं?”

“तीनदा जाऊन पाहिलं.”

“कवा?”

“डिसेंबरात.”

उदयसिंग सरळ उभा राहिला. मग अगदी हळू, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने त्याने विचारलं, “डिसेंबरात आपल्या घराले काय राहे, रंजी?”

कुलूप. आपल्या घराला कुलूप असायचं. तांड्यावरच्या निम्म्या घरांना असायचं.

निघायच्या दिवशी सगळं बांधून झालं, ट्रक उभा राहिला की याडी शेवटी बादलीत शेण कालवायची आणि उंबरठा सारवायची. ट्रकवाला ओरडायचा, बा ओरडायचा, ती हलायची नाही. एकदा सात-आठ वर्षांच्या रंजीताने तिला विचारलं होतं की इथं कोनी राहनार नाई, मंग सारवते कायले? याडीने मान वर न करता उत्तर दिलं होतं, आपुन येनार आहो म्हून. मग कुलूप लावून चाबी कमलीबाईकडे जायची. कमलीबाई म्हातारी होती म्हणून मागे राहायची आणि दर आठवड्याला सगळ्यांचे उंबरठे सारवायची, म्हणजे घर टाकून दिलंय असं कोणी समजू नये. हे सगळं रंजीताला पाठ होतं. खदानीच्या वस्तीत ते उंबरठे पाहून ती थबकली होती ती उगाच नाही. तिला कळलं होतं. कळूनही तिने खूण केली होती.

उदयसिंग रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. शेंगांची पिशवी तिच्या हातात देऊन तो म्हणाला, “बस हाये मायी,” आणि गेला.

त्याच दुपारी रंजीता जगदेव सरांकडे गेली आणि काय झालं ते सांगितलं. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

“जाहीर झालेला नकाशा आता आपण मनाने बदलू शकत नाही. हरकत यावी लागते,” ते म्हणाले. “त्या लोकांना सांग, सहा दिवस आहेत.”

“सर, ते होळीला येतील. आता कुठल्या फडात असतील ते त्यांनाही सांगता यायचं नाही.”

“मग कोणीही घेऊ शकतं हरकत. तू घेशील? तुझ्याच पाहणीवर?” सर म्हणाले. “तुझा प्रबंध या पाहणीवर उभा आहे. कॉलेज उद्या विचारेल, एकतीस घरं चुकली तर बाकीची बरोबर कशावरून? वर्ष जाईल तुझं, रंजीता. मी घाबरवत नाही, जे होईल ते सांगतोय.”

बाहेर प्रज्वल उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. “वेडी आहेस का तू? बागच आहे ना, काही कचरा डेपो नाही टाकत आपण. आणि ते लोक परत येणारच हे तू कशावरून म्हणतेस?” रंजीता त्याला ओलांडून निघून गेली. उत्तर द्यायचं म्हटलं तर आठ वर्षांच्या रंजीतापासून सुरुवात करावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वस्तीत गेली. म्हातारी शेळ्यांना पाला टाकत होती. तिचं नाव हिरीबाई. तिच्या कमरेला नाडा होता आणि नाड्यात चाब्यांचा एवढा मोठा जुडगा, की ती चालली की आवाज व्हायचा. मागच्या खेपेला तो रंजीताला दिसला नव्हता, कारण मागच्या खेपेला ती तिच्याकडे नीट पाहतच नव्हती.

“पुन्हा आली व तू? ऑफिसची ना?” हिरीबाई म्हणाली.

“नाही,” रंजीता म्हणाली, आणि पुढचं गोरमाटीत बोलली. “मेडशीच्या तांड्यावरची आहे. उदयसिंग राठोडची मुलगी.”

हिरीबाईच्या हातातला पाला हातातच राहिला. पुढचं सगळं बोलणं त्यांच्या बोलीत झालं, इथे ते आपल्याला समजेल असं दिलंय. रंजीताने काही लपवलं नाही. तीनदा आले, कुलपं पाहिली, बंद लिहिलं, आणि आता इथे बाग होणार आहे. घरं पाडून. तुमची सगळी माणसं परत येतील तोवर हरकतीची मुदत संपून गेलेली असेल.

हिरीबाईने रडारड केली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तिने एवढंच विचारलं, “त्या दिवशी मी तुले विचारलं होतं कोनाची म्हून. तवा काहून नाई सांगतलं?”

रंजीताची मान खाली गेली.

“तवा सांगतलं असतं त मी सारं सांगतलं असतं,” म्हातारी म्हणाली. मग तिने कमरेचा नाडा सोडला आणि अख्खा जुडगा रंजीताच्या हातात दिला. “घे. तूच लावले कुलपं, तूच उघड.”

तो अख्खा दिवस त्यात गेला. हिरीबाई चाबी ओळखून दाखवायची, कुलूप रंजीता काढायची. पहिलं घर सेवालालचं. आत चुलीवर मडकं पालथं घातलेलं, खुंटीला शाळेचं दप्तर, आणि दाराच्या चौकटीवर खडूच्या रेघा, पोराची उंची दरवर्षी कुठवर आली त्याच्या. शेवटची रेघ दिवाळीची होती. लखमाच्या घरात पाळणा आढ्याला टांगून ठेवला होता, त्यात उंदीर जाऊ नयेत म्हणून वरून ताट झाकलेलं. बादलचं लग्न गेल्या वैशाखातलं. त्याच्या बायकोने आरसा लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला होता. कोण कुठल्या कारखान्यावर गेलं, कोणाबरोबर किती लेकरं आहेत, कोणाची म्हातारी सोबत आहे, सगळं हिरीबाईला तोंडपाठ होतं. रंजीता नवे फॉर्म भरत गेली. प्रत्येक घराला नाव होतं, आणि प्रत्येक नावापुढे तिने ‘राहतं’वर खूण केली.

दहा-बारा घरं झाल्यावर हिरीबाई एका उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, “आंदीच्या कागदावर सेवालालच्या घराले काय लिव्हलं होतं? वाच बरं.”

“बंद. वापरात नाही,” रंजीताने वाचलं.

“आन् लखमाच्या?”

“तेच.”

“सारं तेच लिव्हलं?”

“हो.”

म्हातारीने पुढची चाबी शोधून दिली.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी रंजीताने हरकतीचा अर्ज दिला. सोबत एकतीस फॉर्म जोडले. अर्जात एक रकाना होता, हरकत घेणाऱ्याचा त्या जागेशी संबंध. भाडेकरू, मालक, शेजारी असं काहीतरी लोक लिहितात. रंजीताने लिहिलं, ‘पाहणी मी केली होती. ती चुकीची आहे.’ खिडकीतल्या माणसाने ते दोनदा वाचलं, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला.

कॉलेजचं पत्र यायला पंधरा दिवसही लागले नाहीत. प्रबंध स्वीकारता येत नाही, पुढच्या वर्षी नव्याने पाहणी करून सादर करावा. तिने बापाला फोन करून सांगितलं. उदयसिंग ‘बरं’ म्हणाला. मग म्हणाला, “तुयी याडी असती त रडली असती. मंग जेवू घातलं असतं तुले.” त्यावर मात्र रंजीता रडली. फोन कानाला तसाच धरून ती बराच वेळ रडली, आणि उदयसिंगने तो तिकडून ठेवला नाही.

हरकतींवर निर्णय घेणाऱ्या समितीने जागेवर येऊन पाहायचं ठरवलं. फेब्रुवारी संपत आला होता, होळीला अजून अवकाश होता. त्या दिवशी सकाळी रंजीता लवकरच वस्तीत पोचली, तर हिरीबाई तिसऱ्या घराच्या पायरीवर बसलेली. सारवायचा वार होता. तीन उंबरठे झाले होते आणि तिचे गुडघे सुजले होते. बादली शेजारी तशीच.

“आज राहू द्या,” रंजीता म्हणाली. “साहेब लोक आत्ता येतील.”

“साहेबासाठी नाई सारवत मी,” हिरीबाई म्हणाली.

रंजीताने हातातली नकाशाची गुंडाळी पायरीवर ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि बादलीत हात घातला. नागपुरात गेल्यापासून तिने शेणात हात घातला नव्हता. पहिल्या दोन उंबरठ्यांवर ढेकळं राहिली. हिरीबाई बसल्या जागेवरून सांगत गेली, पाणी घाल, बोटं आडवी फिरव, कोपरा सुटला तो. तिसऱ्या उंबरठ्यापासून हात आपोआप चालायला लागला. याडीचा हात असाच फिरायचा, डावीकडून उजवीकडे, आणि शेवटी अंगठ्याने कड दाबायची.

समितीचे तिघं आले तेव्हा ती एका रांगेच्या मध्यावर होती. बरोबर जगदेव सर आणि प्रज्वल. सगळ्यांनी बुटांवरची धूळ झटकली. प्रज्वल तिच्याकडे पाहत राहिला. कोपरापर्यंत शेणाने भरलेल्या या मुलीला तो तीन वर्षं ओळखत होता. रंजीताला उठून उभं राहावंसं वाटलं, हात पाठीमागे लपवावेसे वाटले. ती उठली नाही.

समितीतले ज्येष्ठ साहेब पुढे आले. त्यांनी दोन्ही बाजूंची कुलपं पाहिली, मग सारवलेले उंबरठे पाहिले, आणि शेवटी तिच्याकडे. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, “घरात माणूस नाही, दाराला कुलूप आहे. मग हे सारवता कशासाठी?”

जगदेव सर उत्तर द्यायला पुढे झाले. त्यांच्याकडे सगळी माहिती होती, कारखान्यांची नावं, माणसांची संख्या, तारखा. पण त्याआधी रंजीता बोलली. ऑफिसच्या मराठीत नाही, गावच्या बोलीत, सरांसमोर, प्रज्वलसमोर.

“येनार आहेत म्हून,” ती म्हणाली.

हिरीबाई पायरीवरून उठली, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत आली आणि तिने त्या घराचं कुलूप काढून दार लोटलं. साहेब आत जायला निघाले. पाऊल उचललं आणि थांबले. उंबरठा ओला होता. त्यांनी एका हाताने चौकट धरली, पाय उंच उचलून उंबरठ्यावरून पलीकडे टाकला आणि आत उभं राहून खिशातून पेन काढलं.

“हे घर कोणाचं?” त्यांनी विचारलं.

“बादलचं,” रंजीता म्हणाली.

त्यांनी नाव लिहून घेतलं, ‘राहतं’च्या चौकोनात खूण केली, आणि पुढचं घर दाखवा म्हणाले.